नेत्रप्रतिमांकन : माजी सैनिकांच्या दीर्घकालीन आजारांच्या अभ्यासात

दृष्टिपटलाची छायाचित्रे व छेदचित्रे आणि कॉर्नियातील मज्जातंतूंच्या प्रतिमा घेऊन त्यांवरून मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार व मज्जासंस्थेच्या जुनाट तक्रारी यांचा माग काढण्याची पद्धत. शरीरात चीर न देता रक्तवाहिन्या उघड दिसतात त्या दृष्टिपटलावर, हा तिचा पाया. हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक १८५१ मध्ये पुढे आणला. रक्तदाबामुळे पडद्यावर होणाऱ्या बदलांची कीथ, वॅगनर व बार्कर यांनी १९३९ मध्ये केलेली चार पायऱ्यांची वर्गवारी आजही शिकवली जाते. प्रकाशाने छेदचित्र घेऊन पडद्याचे थर मायक्रॉनच्या हिशेबात मोजणारी ओसीटी ही पद्धत १९९१ मधील. साधनांचा इतिहास येथे एवढा पुरे.

माजी सैनिकांचा गट या अभ्यासाला सोयीचा का, याचे उत्तर त्यांच्या कागदपत्रांत आहे. भरतीच्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत त्यांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते. भारतीय लष्कराच्या ‘शेप’ श्रेणीत मन, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी असे पाच घटक नोंदले जातात. शिपाई बहुधा चाळिशीच्या आसपास पेन्शनीत जातो, म्हणजे साखर आणि बीपी डोके वर काढू लागतात नेमक्या त्या वयात. मात्र शेपमधला दृष्टीचा घटक मुख्यतः किती दिसते ते सांगतो. ६/६ दृष्टी असलेल्या माणसाच्या पडद्यावरही मधुमेहाचे सूक्ष्म फुगवटे असू शकतात आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. या नोंदीची भूमिका अशी की, निवृत्तीनंतर काढलेल्या सुट्या प्रतिमेला संशोधनात फार थोडी किंमत आहे. सेवेत असताना काढलेली पहिली प्रतिमा शेजारी ठेवता आली तरच नंतरच्या प्रतिमांतून काही सिद्ध करता येते.

आखाती युद्धाच्या उदाहरणात हे लख्ख दिसते. १९९०-९१ मध्ये सुमारे ६,९७,००० अमेरिकी सैनिक तेथे गेले. थकवा, अंगदुखी, विसराळूपणा, पोटाच्या तक्रारी असा जो संच पुढे आखाती युद्ध आजार म्हणून ओळखला गेला, तो त्यांतील किमान चौथ्या हिश्श्याला जडला, असे अमेरिकेतील संशोधन सल्लागार समितीने २००८ च्या अहवालात म्हटले. कारणांबाबत मतभेद आहेत. कीटकनाशके, विषारी वायूपासून बचावासाठी दिलेल्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या, मार्च १९९१ मध्ये इराकमधील खामिसिया येथे उडवून दिलेल्या शस्त्रसाठ्यातील सारिन हा विषारी वायू, या सर्वांकडे बोट दाखवले गेले. आजार पक्का करणारी सर्वमान्य रक्तचाचणी नाही. तेव्हा काही संशोधक डोळ्यातील मज्जातंतूंकडे वळले. मायामी येथील नेत्रतज्ज्ञ अनात गॅलोर व सहकाऱ्यांच्या अभ्यासांत या रुग्णांच्या डोळ्यांच्या तक्रारी अधिक तीव्र आढळल्या, पण डोळ्याच्या पृष्ठभागावरील खुणा त्या मानाने फारशा वेगळ्या निघाल्या नाहीत. याचे वाचन दोन प्रकारे होते. एक, मज्जातंतूच दुखावले आहेत; दुसरे, वेदना जाणवण्याची मेंदूची रीतच बदलली आहे. निवाडा करायला युद्धापूर्वीच्या प्रतिमा हव्यात. पडद्याच्या थरांच्या तशा प्रतिमा असणे शक्यच नव्हते, कारण ओसीटीचा पहिला शोधनिबंध युद्ध संपून काही महिने झाल्यावर, नोव्हेंबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. सैनिक निवडून घेतलेला, धडधाकट माणूस असतो. त्याची तुलना गावातल्या समवयस्काशी केली तर सेवेतील अपाय झाकला जातो. हे खरे आहे, आणि त्यामुळेच तुलना त्याच्याच जुन्या प्रतिमेशी व्हायला हवी. दुसरा आक्षेप असा की, पडद्यावरील बदल कोणत्याही एका आजाराचे नसतात. साखर, बीपी, तंबाखू आणि वय एकाच वाहिनीवर आपापली खूण उमटवतात. यंत्रबुद्धीने हा गुंता सुटेल असे म्हणणाऱ्यांनी गूगलच्या संशोधकांचा २०१८ चा निबंध पुन्हा वाचावा. २,८४,३३५ व्यक्तींच्या प्रतिमांवर घडवलेल्या प्रणालीने वय सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने ओळखले. पण हृदयविकाराचा मोठा झटका वा तत्सम घटना कोणाला येईल, हे सांगण्यात तिची कामगिरी मध्यमच होती. तिसरी अडचण व्यवहाराची : साठीनंतर मोतीबिंदू आणि आकसलेली बाहुली यांमुळे प्रतिमा अंधूक येते. उशिरा सुरू केलेल्या अभ्यासातून असे डोळे गळतात, आणि बहुधा तेच अधिक आजारी असतात.

उशिरा काढलेल्या प्रतिमेची हीच मर्यादा उंचीवरील सेवेतही दिसते : अतिउंच प्रदेशात दृष्टिपटलावर रक्तस्राव होतात, पण बहुतेक आपोआप विरतात, म्हणून निवृत्तीनंतरच्या प्रतिमेत ते सापडत नाहीत.

असा अभ्यास भारतात करायचा तर पुणे जिल्ह्यात या कामाला लागणारी माणसे आणि संस्था आहेत. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून पुण्यात आहे. माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेने दिल्लीच्या एम्ससह २०२५ मध्ये ‘मधुनेत्र एआय’ या प्रणालीवर आधारित, मधुमेहाने पडद्यावर होणाऱ्या बदलांची तपासणी हाती घेतली, तिच्या पहिल्या ठिकाणांत पुणे होते. भोर तालुक्यात, नीरेच्या खोऱ्यातील भोंगवलीसारख्या गावच्या पेन्शनराला मात्र डोळ्याचा फोटो काढायला शहर गाठायला लावणे अनाठायी आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेने २००६ पासून प्राथमिक दवाखान्यांत कॅमेरे बसवून प्रतिमा दूरवरच्या तज्ज्ञांकडे पाठवण्याची व्यवस्था देशभर केली. हातात धरायचा कॅमेरा भोंगवलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही चालेल. अर्थात लेसर व इंजेक्शनची सोय मागे नसेल, तर नुसते निदान करून ठेवण्यात संशोधकाचे हित अधिक, रुग्णाचे कमी.

सेवेत जडलेल्या आजाराबद्दल मिळणाऱ्या पेन्शनचा प्रश्न नाजूक आहे. अमेरिकेत व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्यांचा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह २००१ पासून सेवेशी निगडित मानला जातो. भारतात धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक तेव्हा निरोगी होता असेच धरायचे आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. संशोधनासाठी मागितलेली पहिली प्रतिमा या गृहीतकावर दोन्ही बाजूंनी परिणाम करू शकते : सेवेत झालेली हानी ती दाखवून देईल, किंवा भरतीच्याच वेळी दिसलेला एखादा किरकोळ दोष अर्ज फेटाळायला कामी येईल. म्हणून प्रतिमांचा संग्रह संशोधकांच्या ताब्यात आणि पेन्शन ठरवणाऱ्या मंडळापासून वेगळा असावा, ही अट अभ्यासाच्या आराखड्यातच घालावी लागते.