अंगठ्यापासून ओटीपीपर्यंत

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या घरात जमिनीचा पैसा आलाय किंवा यायचाय, त्यांनी वाचाच.

दरवर्षी 16-17 जानेवारीला आपण जासईत हुतात्म्यांना अभिवादन करतो. 1984 साली दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली दास्तानला आणि नवघर फाट्याला शेतकरी उभा राहिला, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचा हक्क पदरात पडला. ही गोष्ट पोराबाळांना पाठ आहे. मिळालेलं हातातून कसं निसटलं, ते मात्र कोणी सांगत नाही. कागद इंग्रजीत, माणूस गोडबोल्या, "काका, आजच शेवटची तारीख, इथं फक्त अंगठा द्या." घाई, सरकारी नाव आणि न वाचता दिलेली संमती. आता अंगठ्याच्या जागी ओटीपी आलाय, एवढाच फरक.

ही विद्या काही मोबाइलसोबत जन्माला आली नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात 'स्पॅनिश कैद्या'ची पत्रं फिरायची : श्रीमंत माणूस तुरुंगात आहे, सोडवायला थोडे पैसे द्या, मोठा वाटा मिळेल. पुढे तीच नायजेरियाच्या नावाने ईमेलवर आली. 1990 च्या दशकात अमेरिकेत एओएलच्या ग्राहकांचे पासवर्ड गळ टाकून काढायला लागले, तेव्हा 'फिशिंग' हा शब्द रुळला. गळ म्हणजे काय, ते आगरी-कोळ्यांना सांगायला नको. मासा आमिषाला लागतो, काट्याला नाही.

आपल्या शेजारचंच बघा. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे टाकले. तिथली पोरं अमेरिकन आयकर अधिकारी बनून तिकडच्या लोकांना अटकेची भीती घालत आणि पैसे काढत. आज आपल्याच म्हाताऱ्यांना व्हिडिओ कॉलवर वर्दी दाखवून 'डिजिटल अरेस्ट' करतात, ती याच नाटकाची मराठी-हिंदी आवृत्ती. कायद्यात अशी अटकच नाही.

"अडाणी होता म्हणून फसला" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. 27 जून 2017 ला जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं जीटीआय टर्मिनल व्हायरसने ठप्प झालं. शिरकाव कुठून, तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून हॅकरांनी 94 कोटींहून जास्त रक्कम उचलली, तीही दोन-तीन दिवसांत. ही काही शेणामातीतली माणसं नव्हती.

मग ओळखायचं कसं? "आज रात्री साडेनऊला वीज कापणार, या नंबरवर फोन करा" हा मेसेज आठवतोय ना? महावितरण कोणाच्या खासगी मोबाइल नंबरवरून असा मेसेज पाठवत नाही. व्हॉट्सॲपवर आरटीओ चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते ॲप आहे, पत्रिका नव्हे. टाकलंत की तुमचे मेसेज तिकडे वाचले जातात, ओटीपीसकट. यूपीआयवर पैसे *घ्यायला* पिन कधीच लागत नाही. विचारला, म्हणजे पैसे जाणार आहेत. मोबदला, प्लॉट, सिडकोची सोडत असं काही सांगून लिंक आली तर ती उघडू नका. सरळ ऑफिसात जाऊन विचारा, एसटीचं तिकीट स्वस्त पडेल.

आणि गेलेच पैसे तर लाजून घरात बसू नका. इथेच आपली माणसं मार खातात. आठवडाभर बायकोलाही सांगत नाहीत, तोवर रक्कम दहा खात्यांतून फिरून गायब. 1930 ला लगेच फोन लावा, पहिल्या तासाला फार किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केलीत की भार तुमच्यावर येत नाही. तुम्हीच ओटीपी दिला असेल तरी तक्रार करा, कारण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. तक्रार क्रमांक वहीत लिहा, बँकेत लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.