पाचशेव्या प्रयोगातला आनंद

सर्जनशील व्यवसायातल्या आनंदाची चर्चा बहुधा नवनिर्मितीभोवती फिरते. कोरा कागद, कोरा कॅनव्हास, काहीतरी सुचण्याचा क्षण. मराठी व्यावसायिक रंगभूमीवरच्या नटाला हे वर्णन लागू पडत नाही. त्याची वाक्ये दुसऱ्याने लिहिलेली असतात, हालचाली दिग्दर्शकाने बसवलेल्या असतात, आणि तेच नाटक शनिवारी दुपारी दादरच्या शिवाजी मंदिरात, रात्री ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये आणि रविवारी पुण्याच्या बालगंधर्वमध्ये करायचे असते. ‘वस्त्रहरण’ या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. अभिनेते प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये आपला १२,५०० वा प्रयोग केला. सर्जनशील व्यवसायातल्या आनंदाची खरी परीक्षा इथेच घ्यायला हवी. पहिल्या प्रयोगाचा आनंद नवेपणाचा असू शकतो. पाचशेव्या प्रयोगात तो शिल्लक असेल, तर तो कामाचाच असला पाहिजे.

मुळात नटाला आनंद मिळतो का, हाच आपल्या काव्यशास्त्रातला जुना वाद आहे. अभिनवगुप्ताच्या मते रसाचा आस्वाद प्रेक्षकाचा. नट हे केवळ साधन. मद्य ज्या भांड्यात ठेवतात, त्या भांड्याला मद्याची चव कळत नाही. डॉ. श्रीराम लागूंनी आत्मचरित्राला ‘लमाण’ हे नाव दिले, तेही याच विचाराच्या जवळचे: नट म्हणजे एकीकडचा माल दुसरीकडे पोहोचवणारा. पण हेच लागू १९६९ मध्ये कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सकाचा जम बसलेला व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले. केवळ ओझे वाहण्यासाठी कुणी एवढी किंमत मोजत नाही.

दहाव्या शतकातल्या धनंजयाने ‘दशरूपका’त अधिक मोकळी भूमिका घेतली. रस प्रेक्षकाचाच, हे त्यालाही मान्य आहे. मात्र नट स्वतः काव्यार्थाचे चिंतन करत असेल, तर त्यालाही आस्वाद नाकारता येत नाही, असे तो म्हणतो. म्हणजे नट आस्वाद घेतो तो रसिकासारखा. व्यवसायाच्या दृष्टीने मला हेच मत ग्राह्य वाटते.

इथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. भूमिकेची भावना आणि काम करण्याचा आनंद या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर उद्ध्वस्त झालेले असतात; ती भूमिका उत्तम वठत असते तेव्हा नट मात्र आतून तृप्त असू शकतो. फ्रेंच विचारवंत दिदरो याने अठराव्या शतकात नेमका हा मुद्दा मांडला होता. जो नट प्रत्येक रात्री खरोखर भावनेत बुडतो, तो पहिल्या प्रयोगात पेटलेला आणि तिसऱ्या प्रयोगात थंडगार असेल, असे त्याचे म्हणणे. दिदरोने यावरून नटाने भावनारहित असावे असा निष्कर्ष काढला. तो मला टोकाचा वाटतो. त्याच्या निरीक्षणातून निघते ते एवढेच, की टिकणारा आनंद भूमिकेच्या भावनेवर उभा राहू शकत नाही.

मग तो मोबदल्यावर उभा असतो का? मानसशास्त्राने याची तपासणी केली आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘चित्र काढलेस तर बक्षीस देऊ’ असे आधी सांगितलेली मुले पुढे स्वतःहून चित्रे काढण्यात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ घालवू लागली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची ओढ कमी झाली नाही. याचा सोपा आणि चुकीचा अर्थ असा लावला जातो की पैसा आला की आनंद जातो. बिघाड बक्षिसाने केला नव्हता. ‘मी हे कशासाठी करतो’ याचे मुलाचे स्वतःचे उत्तर त्या सौद्याने बदलले होते.

नटाला दर प्रयोगाची ठरलेली ‘नाईट’ मिळते. ती वेळेवर आणि पुरेशी मिळाली, की रंगमंचावर पाऊल ठेवताना तिचा विचार मनात राहत नाही. थकलेली नाईट मात्र विंगेतही पाठ सोडत नाही. म्हणूनच ‘तुम्हाला आनंद मिळतो ना, मग मानधनाची घासाघीस कशाला?’ हा युक्तिवाद मला अन्यायकारक वाटतो. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा प्रयोगावर पोट असलेल्या पडद्यामागच्या कामगारांची मिळकत एका दिवसात थांबली. नेपथ्य लावणाऱ्या, कपडेपट सांभाळणाऱ्या त्या माणसांचेही नाटकावर प्रेम होतेच. प्रेमाने घरभाडे भागत नाही, आणि भाड्याची चिंता प्रेम झिजवते.

आता मुख्य प्रश्न पुनरावृत्तीचा. कौशल्य पक्के झाले की ते आपोआप होऊ लागते. पन्नासाव्या प्रयोगापर्यंत वाक्ये जिभेवर बसलेली असतात, पाय आपोआप खुर्चीपाशी पोहोचतात, आणि लक्ष मोकळे होते. ते कुठे जाते, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. ते घरच्या कटकटींकडे, उद्याच्या चित्रीकरणाकडे गेले, तर प्रयोग यांत्रिक होतो आणि नट कंटाळतो. तेच लक्ष समोरच्या नटाच्या आजच्या सुराकडे वळले, तर काम नव्याने सुरू होते. सहकलाकाराने आज वाक्य किंचित हळू टाकले. मग उत्तराआधीचा पॉज तेवढाच ठेवायचा की कमी करायचा? काल जिथे हमखास लाफ्टर पडला, तिथे आजचे प्रेक्षागृह गप्प आहे. म्हणजे आधीच्या वाक्यातला कुठला शब्द निसटला? दुपारच्या प्रयोगाचा प्रेक्षक सावकाश तापतो. दौऱ्यावर एखाद्या गावी हशा संपायच्या आत पुढचे वाक्य उचलले, तर ते वाया जाते. हे निर्णय क्षणाच्या अंशात घ्यायचे असतात, आणि त्यांचा निकाल प्रेक्षक तिथल्या तिथे देतो. मानसशास्त्रज्ञ चिक्सेंटमिहाय यांनी १९९० च्या ‘फ्लो’ या ग्रंथात तल्लीनतेच्या ज्या अटी सांगितल्या, त्यांत स्पष्ट उद्दिष्ट, तत्काळ प्रतिसाद आणि कौशल्याला पुरे पडणारे आव्हान या प्रमुख आहेत. पहिल्या दोन नटाला नाट्यगृहात आयत्या मिळतात. तिसरी त्याला स्वतः निर्माण करावी लागते, आणि ऐकणे हे तिचे साधन आहे.

या विधानाला चांगला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वाद्यवृंदातल्या वादकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वादकांना एकदा पूर्वीच्या सर्वोत्तम वादनाची पुनरावृत्ती करायला सांगितले; दुसऱ्या वेळी तीच रचना, फक्त आपल्यालाच जाणवतील असे सूक्ष्म बदल करत वाजवायला सांगितले. दुसऱ्या वादनात वादकांना अधिक आनंद झाला आणि श्रोत्यांचीही पसंती त्यालाच मिळाली. संहितेला धक्का न लावता नवेपणा शक्य आहे, हे यातून दिसते.

सूक्ष्म फरक आणि ‘अ‍ॅडिशन’ यांची गल्लत होता कामा नये. कंटाळलेला नट पदरची वाक्ये घालतो, टाळ्या घेतो, आणि शेजारच्याचा प्रसंग मारतो. ‘वस्त्रहरण’सारख्या नाटकात उत्स्फूर्ततेला रचनेतच जागा आहे. जिथे ती नाही, तिथे अ‍ॅडिशन हे बहुतेकदा न ऐकण्याचेच लक्षण असते.

ऐकणे एकट्याचे काम नव्हे, त्यामुळे हा आनंद सामूहिक आहे. एक जण ऐकेनासा झाला की समोरच्याचीही वाट बंद होते. रिप्लेसमेंटला नवा नट आला की जुने सगळे जागे होतात, हा रंगभूमीवरच्यांचा नेहमीचा अनुभव याच कारणाने येतो: ठरलेल्या जागी ठरलेला सूर येत नाही, म्हणून सर्वांना पुन्हा कान द्यावा लागतो. निर्मात्यांना रिप्लेसमेंट हा नाइलाज वाटतो. पण काही महिन्यांनी तालीम लावून दिग्दर्शकाने प्रसंग पुन्हा उकलून पाहिले, तर तोच परिणाम नट न बदलता साधेल. चालू नाटकाच्या अशा तालमीसाठी वेळ आणि मानधन दोन्ही राखून ठेवायला हवे, कारण दौऱ्याच्या धावपळीत सर्वात आधी कापली जाते ती तालीमच.

राहतो प्रश्न थांबण्याचा. नाटक कधी बंद करायचे, हे आज बुकिंग ठरवते. नटाने स्वतःसाठी वेगळा निकष ठेवावा: समोरच्याचे वाक्य आज कसे आले, हे सलग अनेक प्रयोगांनंतर सांगता येत नसेल, तर पाटी हाऊसफुल्लची असली तरी भूमिका दुसऱ्याकडे द्यावी.