भुजंगधारीतील सहजीवी ताऱ्याच्या उद्रेकांचा वेध

हर्णे बंदराशेजारील मुरुड हे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’कार शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे जन्मग्राम होय. दीक्षित १८९८ च्या एप्रिलमध्ये निवर्तले. त्याच वर्षी भुजंगधारी तारकासमूहातील ‘आर. एस.’ हा तारा उजळला. परंतु हार्वर्ड वेधशाळेच्या छायाचित्र-काचांवरील ही नोंद विल्यमिना फ्लेमिंग यांच्या ध्यानी आली ती काही वर्षांनंतर.

पुढे १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ व २०२१ या साली तो पुन्हा उजळलेला आढळला. वस्तुतः हे ताऱ्यांचे युग्म आहे. तांबड्या राक्षसी ताऱ्याचे द्रव्य श्वेत खुज्या ताऱ्यावर साचते, तेथे औष्णिक-अणुस्फोट होतो आणि एरवी दुर्बिणीविना न दिसणारा तारा नुसत्या डोळ्यांस दिसू लागतो.

१९८५ च्या उद्रेकात सुमारे ३२५ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर रेडिओ प्रारण आढळले नव्हते. १२ फेब्रुवारी २००६ रोजी तारा पुन्हा उजळला, तेव्हा उपग्रहांनी त्याचे क्ष-किरण टिपले. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणीस विसाव्या दिवशी ६१० मेगाहर्ट्झवर व पुढे ३२५ मेगाहर्ट्झवरही प्रारण मिळाले. ते उष्ण वायूचे नसून चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचे होते. राक्षसी ताऱ्यापासून वाहणारा आयनित वायू असे दीर्घ तरंग शोषून घेतो. १९८५ साली हे आवरण अधिक दाट असावे, असा निष्कर्ष निघाला. २०२१ मध्ये तर अतिऊर्जावान गॅमा किरणही आढळले.

तेव्हा १९८५ ची नकारात्मक नोंद निष्फळ ठरत नाही. २००६ च्या वेधाशेजारी ठेवली असता तीच त्या आवरणाचा पुरावा होते.