खंडो बल्लाळ चिटणीस ह्यांची स्वामिनिष्ठा

स्वामिकार्यास देह देणारे सेवक मराठ्यांच्या इतिहासांत पुष्कळ झाले. परंतु स्वतःचा शोक गिळून सेवा करणारांत खंडो बल्लाळ चिटणीस ह्यांची गणना प्रथम केली पाहिजे, असें आम्हांस वाटतें. इ. स. १६८१ मध्यें त्यांचे वडील बाळाजी आवजी ह्यांस संभाजी महाराजांनीं कटाच्या आरोपावरून देहान्त शासन केलें. तरीही त्याच धन्याची चिटणिशी खंडो बल्लाळांनीं केली.

१६८३ च्या गोव्याच्या स्वारींत महाराजांचा घोडा भरतीच्या पाण्यांत सांपडला असतां त्यांनीं धन्यास वांचविलें. पुढें जिंजीच्या वेढ्यांतून राजाराम महाराजांची सुटका साधण्यासाठीं मोगलांकडील शिर्क्यांस आपलें दाभोळचें वतन सोडून दिलें, असें परंपरा सांगते.

ह्या परंपरेचा मोठा आधार म्हणजे मल्हार रामराव चिटणिसांची बखर. ती शंभराहून अधिक वर्षांनीं, त्याच घराण्यांतील पुरुषानें लिहिली. सबब तपशील जपूनच घेतला पाहिजे. मात्र ह्याच बखरकारानें संभाजी महाराजांचें चित्र काळेंकुट्ट रंगविलें आहे, व पूर्वजाच्या वधाचा रोष त्यांत उतरला असें अनेक संशोधक मानतात. जो रोष शतकानंतरच्या वंशजाच्या लेखणीस आवरला नाहीं, तो प्रत्यक्ष पुत्रानें आवरला. वतनाची कथा क्षणभर बाजूस ठेविली, तरी पित्याच्या वधानंतर संभाजी, राजाराम व शाहू ह्या तीन छत्रपतींची केलेली सेवा खंडो बल्लाळांची योग्यता सिद्ध करण्यास पुरेशी आहे.