बंद झालेला ‘गॅलिलिओ’ पुन्हा सुरू करताना

वसई, प्रतिनिधी : इंटेल कंपनीने विद्यार्थी आणि हौशी संगणकप्रेमींसाठी आणलेला ‘गॅलिलिओ’ हा सिंगल बोर्ड संगणक बाजारातून जाऊन बरीच वर्षे लोटली. तरीही जुन्या प्रकल्पांच्या कपाटात, मोठ्या भावंडाच्या खणात किंवा वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात तो अधूनमधून हाती लागतो. वसई रोडच्या विद्यावर्धिनीपासून विरार पूर्वेच्या शिरगाव येथील विवापर्यंत या पट्ट्यात मुंबई विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी नवा बोर्ड विकत घेण्याऐवजी असा जुना बोर्ड वापरण्याचा मोह येथील विद्यार्थ्याला होणे स्वाभाविक आहे. हा मोह अव्यवहार्य नाही. मात्र गॅलिलिओ बिघडतो तो बहुधा जुनाटपणामुळे नव्हे, तर चुकीचा अ‍ॅडाप्टर लावल्यामुळे किंवा फर्मवेअर भरताना मध्येच वीज गेल्यामुळे. दोन्ही अपघात टाळता येण्याजोगे आहेत.

ऑक्टोबर २०१३ मध्ये रोम येथील मेकर फेअरमध्ये गॅलिलिओची घोषणा झाली. त्याच वेळी जगभरातील एक हजार विद्यापीठांना पन्नास हजार बोर्ड देणगी म्हणून देण्याचा संकल्पही कंपनीने जाहीर केला होता. आर्डुइनोच्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्राम चालवणारा, पण आत ४०० मेगाहर्ट्झचा ‘क्वार्क एक्स-१०००’ हा पेंटियमच्या वंशातील प्रोसेसर, २५६ मेगाबाइट रॅम आणि लिनक्स असलेला हा बोर्ड त्या काळी वेगळा होता. २०१४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. जून २०१७ मध्ये इंटेलने गॅलिलिओ, एडिसन आणि जूल ही तिन्ही उत्पादने बंद करण्याचा निर्णय कळवला आणि त्याच वर्षअखेर पुरवठा थांबला. २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पायला टीव्ही जोडता येत असे, गॅलिलिओला पडद्याची सोयच नव्हती. शिवाय तो तापत असे. स्पर्धेत तो मागे पडला, यात नवल नाही.

हाती आलेला बोर्ड पहिल्या आवृत्तीचा की दुसऱ्या, हे ओळखल्याशिवाय त्याला वीज देऊ नये. ओळखण्याची खूण सोपी आहे. पहिल्या आवृत्तीवर हेडफोनची पिन बसेल असे साडेतीन मिलिमीटरचे गोल भोक असते आणि दोन्ही यूएसबी जोड छोट्या आकाराचे असतात. दुसऱ्या आवृत्तीवर हे भोक नाही. त्याऐवजी सहा पिनांची रांग आहे आणि एक यूएसबी जोड पेन ड्राइव्ह बसेल इतका मोठा आहे. गोल भोक पाहून अनेकांना तेथून आवाज येईल असे वाटते. प्रत्यक्षात ते बोर्डाशी ‘बोलण्याचे’ सीरियल द्वार आहे.

हा भेद महत्त्वाचा ठरतो तो विजेमुळे. पहिल्या आवृत्तीला केवळ ५ व्होल्ट चालतात. अ‍ॅडाप्टर किमान २ अ‍ॅम्पिअरचा हवा. दुसरीला ७ ते १५ व्होल्टपर्यंत काहीही चालते. दोन्हींचे पिनेचे भोक मात्र सारखेच, आणि घरातील वायफाय राउटरच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरची पिन बहुधा त्यात नेमकी बसते. पहिल्या आवृत्तीला हा १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लावणे म्हणजे बोर्डाला निरोप देणे होय. अ‍ॅडाप्टरवरील बारीक अक्षरे भिंगाखाली वाचावी लागली तरी वाचावीत. पहिल्या आवृत्तीबाबत आणखी एक दंडक आहे : आधी अ‍ॅडाप्टर, मग यूएसबी वायर, काढताना उलट. केवळ यूएसबीवर हा बोर्ड चालवण्याचा प्रयत्न त्याला इजा करू शकतो. योग्य अ‍ॅडाप्टर आणि सीरियल वायर ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, मिळू शकते. विरार लोकलने एक फेरी करण्याची तयारी हवी.

सीरियल वायरच्या बाबतीतही दोन्ही आवृत्त्यांची पद्धत वेगळी आहे. पहिलीचे गोल द्वार जुन्या संगणकाच्या आरएस-२३२ पातळीवर चालते, दुसरीच्या सहा पिना ३.३ व्होल्टच्या टीटीएल पातळीवर. एकीची वायर दुसरीला जोडू नये. जोडणी झाल्यावर संगणकावरील टर्मिनल प्रोग्राममध्ये वेग ११५२०० ठेवावा. बोर्ड सुरू होताना अक्षरांच्या ओळी सरकू लागल्या तर तो जिवंत आहे असे समजावे. एलईडी दिव्याच्या उघडझापीवर विसंबून बोर्ड मेला असे ठरवणारे पुष्कळ जण असतात. या ओळी हीच खरी नाडी.

यानंतर फर्मवेअर. बोर्डावरील ८ मेगाबाइटच्या छोट्या फ्लॅश स्मृतीत बूट करणारा प्रोग्राम आणि एक लहानसे लिनक्स असते. ते नवे करणे म्हणजेच फ्लॅश करणे. इंटेलच्या फर्मवेअर अपडेटर साधनाने हे काम यूएसबीवरून होते. त्याआधी मायक्रो एसडी कार्ड काढून ठेवावे आणि बोर्ड एकदा बंद करून सुरू करावा, म्हणजे जुना प्रोग्राम आडवा येत नाही. विंडोजवर बोर्ड प्रथम ‘गॅजेट सीरियल’ या अनोळखी नावाने दिसतो. त्याला ड्रायव्हरची फाइल हाताने दाखवावी लागते. पोर्टचा क्रमांक दोन अंकी आला तर जुनी साधने अडतात, तो डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन दहाच्या आत आणावा. संगणकाची प्रादेशिक मांडणी इंग्रजीखेरीज अन्य भाषेची असेल तर गॅलिलिओसाठी बनवलेली आर्डुइनोची जुनी आवृत्ती रुसून बसते. मराठी मांडणी ठेवणाऱ्यांनी ती तेवढ्यापुरती बदलावी.

फर्मवेअर भरण्यास काही मिनिटे लागतात आणि या अवधीत बोर्डाची वीज जाता कामा नये. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे; बोर्ड भिंतीतील विजेवर आहे आणि लॅपटॉप चालू राहिला तरी बोर्डातील लेखन अर्धवट तुटते. पावसाळ्यात महावितरणची वीज लपंडाव खेळते, हे वसई-विरारकरांना सांगावयास नको. त्यामुळे हे काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर करावे. राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसवर दुसऱ्या आवृत्तीचे काम निभावते, कारण तो साधारणतः १२ व्होल्ट देतो. नेमक्या त्याच कारणाने पहिल्या आवृत्तीला तो लावू नये.

फर्मवेअर बदलल्यावरही गॅलिलिओची एक खोड राहते. कार्ड नसेल तर त्यात भरलेला प्रोग्राम वीज जाताच पुसला जातो. परीक्षकांसमोर प्रकल्प मांडताना हे लक्षात आले तर फारच उशीर झालेला असतो. म्हणून लिनक्सची मोठी इमेज असलेले मायक्रो एसडी कार्ड घालावे. ३२ गिगाबाइटपर्यंतचे चालते. इमेजचे दोन प्रकार फिरतात आणि बहुतेकांची गल्लत येथे होते. इंटेलची सुरुवातीची इमेज ही फायलींची गठडी असे. ती उलगडून फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर नुसती उतरवायची. नंतरच्या डेव्हलपर किटची इमेज मात्र डीडी किंवा विन-३२ डिस्क इमेजरसारख्या साधनाने अख्खी कार्डावर लिहावी लागते. दुसऱ्या प्रकारची इमेज नुसती कॉपी केली तर बोर्ड ती ओळखत नाही आणि मुकाट्याने आतल्या लहान लिनक्सवर सुरू होतो. पहिल्यांदा नव्या कार्डावरून सुरू होण्यास अधिक वेळ लागतो. तेवढ्यात अधीर होऊन अ‍ॅडाप्टर उपटू नये.

या लिनक्सला सुरक्षेची ठिगळे मिळणे केव्हाच थांबले आहे. त्यामुळे असा बोर्ड थेट इंटरनेटला उघडा न ठेवता घरच्या किंवा प्रयोगशाळेच्या जाळ्यापुरताच वापरावा आणि मुख्य वापरकर्त्याला संकेतशब्द द्यावा. डेव्हलपर किटच्या इमेजमध्ये तो मुळात कोराच असतो. साध्या डेबियनची पॅकेजेस थेट चढवण्याचा प्रयत्नही फसतो. क्वार्क प्रोसेसरमधील एका दोषामुळे अनेक थ्रेड वापरणारे प्रोग्राम त्यावर कोसळतात आणि त्यासाठी खास दुरुस्त केलेल्या फायली लागतात. तापमान नोंदवणे, पंप चालू-बंद करणे, पाण्याच्या टाकीची पातळी पाहणे यांसारखी कामे तो आजही निमूटपणे करतो. पहिल्या आवृत्तीत बहुतेक पिना एका मधल्या चिपमार्फत चालतात, त्यामुळे जलद स्पंदने मोजण्याचे काम तिला देऊ नये.

खरी अडचण फायली मिळण्याची आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंटेलने आपल्या जुन्या मदरबोर्डांचे बायोस आणि ड्रायव्हर संकेतस्थळावरून हटवण्यास सुरुवात केली. बंद उत्पादनाची पाने अशी केव्हाही नाहीशी होऊ शकतात. गॅलिलिओच्या फायली हौशी मंडळींनी आणि इंटरनेट आर्काइव्हने जपल्या असल्या, तरी अनोळखी ठिकाणाहून उतरवलेले फर्मवेअर डोळे झाकून भरू नये. मूळ फाइलचा चेकसम दोन वेगळ्या ठिकाणी सापडला आणि जुळला, तरच ती वापरावी. बोर्ड एकदा नीट चालू लागला की चालू कार्डाची संपूर्ण प्रत, अपडेटर, ड्रायव्हर आणि आर्डुइनोची ती जुनी आवृत्ती हे सारे एकत्र बांधून पेन ड्राइव्हवर ठेवावे. कार्ड आज ना उद्या खराब होणारच.

फर्मवेअर अर्धवट राहून बोर्ड मुका झालाच, तर तो लगेच भंगारात देण्याचे कारण नाही. पहिल्या आवृत्तीवर सात पिनांचा एक जोड याच प्रसंगासाठी ठेवलेला आहे. एसपीआय प्रोग्रामर नावाचे उपकरण त्याला जोडून फ्लॅश स्मृती बाहेरून पुन्हा लिहिता येते. मात्र तेथे भरायच्या फाइलमध्ये त्या बोर्डाचा स्वतःचा मॅक पत्ता मिसळावा लागतो, एरवी इथरनेट चालत नाही. हा पत्ता बोर्डावरील स्टिकरवर छापलेला असतो. बोर्ड हाती आल्या दिवशीच त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. तापणाऱ्या बोर्डावरील छपाई वसईच्या दमट हवेत फिकी पडण्यास वेळ लागत नाही.