माळवदाचा जुना वाडा घेताय? आधी कागद बघा, मग माळवद

जुळे सोलापूर : विजापूर रस्त्याला मंद्रूप, अक्कलकोट रस्त्याला वळसंग किंवा होटगीच्या बाजूला गावठाणात एखादा दगडी वाडा घ्यायचा, नीट करायचा आणि कामासाठी रोज शहरात ये-जा करायची, असं मनात असेल तर दोन गोष्टी आधी तपासाव्या लागतात. एक, वाडा नेमका कुणाचा. दुसरी, डोक्यावर किती माती आहे.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून व्यवहार उरकणारे भेटतात, पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जातात. त्या गावाची पत्रिका तयार असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून ती काढावी आणि वाड्याच्या चतुःसीमा जागेवर जाऊन जुळवाव्यात.

खरी गाठ वारसांची. आजोबांच्या नावावरचा वाडा, एक भाऊ गावात, दुसरा पुण्यात, बहिणी सासरी. गावातला भाऊ इसार घेऊन मोकळा होतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. त्यामुळे सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुय्यम निबंधक कार्यालयात ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. वाड्याला लागून खळं किंवा परडं असेल आणि ते सातबाऱ्यावर शेतजमीन म्हणून असेल, तर शेतकरी नसलेल्याला ते परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. वाडा आपला आणि मागचं दार दुसऱ्याच्या जागेत, अशी गत होते.

आता माळवद. खांबांवर तुळया, त्यावर सर, वर लाकडी फळ्या-चिपा, पाला आणि शेवटी पांढऱ्या मातीचा थर. ही माती पूर्वी गावच्या गढीतून आणायचे. सोलापूरच्या उन्हाळ्यात या छताखाली जो गारवा असतो तो स्लॅबखाली मिळत नाही, हे खरंच. पण दरवर्षी मृगाच्या आधी गळती थांबवायला नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, यामुळे थर वाढत जातो, वजनही वाढतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसं गेली, त्यातली बरीचशी अशाच जड माळवदाखाली आणि मातीत बांधलेल्या दगडी भिंतींखाली सापडली. या भिंती दिसतात दोन-तीन फूट जाड, पण आत दोन वेगळे थर आणि मध्ये भराव असतो. हादरा बसला की थर सुटून फुगतात. म्हणून घेण्याआधी भिंत कुठे पोट काढून उभी आहे का, तुळईच्या टोकाशी वाळवी लागली आहे का, हे जाणकार इंजिनिअरकडून बघून घ्यावं. छतावरची जादा माती उतरवणं, भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड बसवणं, पन्हाळी मोकळ्या करणं, ही कामं रंगरंगोटीच्या आधीची.

भिंतींना सिमेंटचा गिलावा मारू नये. आतली ओल बाहेर पडत नाही आणि दगडामधली माती सुटते. चुन्याचा गिलावा महाग पडतो, करणारे गवंडीही कमी राहिलेत, पण जुन्या भिंतीला तोच मानवतो.

वाडा केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाजवळ असेल तर १०० मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरमध्येही परवानगी घ्यावी लागते. बाकी गावठाणातल्या बहुतेक वाड्यांना असलं कुठलंच संरक्षण नाही. सागवानी खांब, नक्षीची दारं आणि तुळया सुट्या विकल्या की वाडा संपला. त्यामुळे इसारपावतीतच लिहून घ्यावं, की ताबा मिळेपर्यंत दार, खांब, कडीपाटातलं एकही लाकूड हलणार नाही.