पहिल्या पावसात बेडकी एका रात्रीत एवढी अंडी कशी घालते? जाणून घ्या हार्मोनचं काम

मृगाचा पाऊस झाला की बांधाच्या कडेला, डबक्यात रात्रभर डराव डराव सुरू होतं. ओरडतो तो नर. सकाळी बघावं तर पाण्यात, गवताच्या काडीला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी दिसतात. एका रात्रीत एवढी अंडी आली कुठून?

खरं तर अंडी एका रात्रीत बनतच नाहीत. ती मादीच्या पोटात आधीपासून भरलेली असतात, फक्त थांबलेली असतात. त्यांना पुढे सरकवायचं काम हार्मोन म्हणजे संप्रेरकं करतात.

अंडं कुठे अडकलेलं असतं?

बेडकीचं प्रत्येक अंडं म्हणजे एकच मोठी पेशी. यकृतात बनलेलं बलकाचं प्रथिन रक्तातून येऊन त्यात साठतं. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या झेनोपस या आफ्रिकन बेडकीचं पूर्ण वाढलेलं अंडं सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

पण मोठं झालं म्हणजे पिकलं असं नाही. पिल्लू व्हायचं तर अंड्यातली गुणसूत्रं निम्मी व्हावी लागतात. हे विभाजन सुरू होतं आणि अर्ध्यात थांबतं. अशा अंड्याला नराचं बीज मिळालं तरी पिल्लू होत नाही.

निरोप कसा पोहोचतो?

१. पाऊस, पाणी, हवेतला गारवा यांची खबर मेंदूला लागते.
२. मेंदू खालच्या पिट्युटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो. ती आपलं हार्मोन रक्तात सोडते.
३. हे हार्मोन अंडाशयात पोहोचतं. अंड्याभोवतीच्या पेशी मग प्रोजेस्टेरॉन आणि त्याच्या जातीची इतर हार्मोन तयार करतात.
४. ती अंड्याच्या बाहेरच्या आवरणावर काम करतात. आत विभाजन रोखून धरणारा ब्रेक सैल होतो.
५. काही तासांत केंद्रकाचं आवरण विरघळतं आणि अंड्याच्या काळ्या बाजूवर पांढरा ठिपका उमटतो. अंडं पिकल्याची ही खूण.

यानंतर अंडं आणखी एकदा थांबतं. नराचं बीज मिळालं की ते पुढे जातं.

१९७१ चा प्रयोग

योशिओ मासुई आणि क्लेमेंट मार्कर्ट या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत बेडकाच्या अंड्यांवर हे तपासलं. प्रोजेस्टेरॉनने पिकलेल्या अंड्यातला थोडा रस बारीक सुईने काढून त्यांनी न पिकलेल्या अंड्यात टोचला. हार्मोन न लावताही ते दुसरं अंडं पिकलं! म्हणजे हार्मोन फक्त निरोप देतं, पुढचं काम अंड्याच्या आत तयार होणारा घटक करतो. त्याला एमपीएफ म्हणतात. पुढे कळलं की यीस्टपासून माणसापर्यंत पेशींचं विभाजन याच घटकावर चालतं.

मत्स्यबीजाशी नातं

आपल्या तळ्यात सोडलं जाणारं रोहू-कटल्याचं बीज याच तत्त्वावर तयार होतं. हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना पिट्युटरीचा अर्क टोचून अंडी मिळवली. आज हॅचरीत दिलं जाणारं इंजेक्शन त्याचीच पुढची पायरी.

शेतकऱ्याने काय लक्षात ठेवावं?

पिकलेलं अंडं पुन्हा मागे जात नाही. पाण्यात आलं आणि नराचं बीज मिळालं नाही, तर काही तासांत वाया जातं. फळलं तरी पिल्लांना पाय फुटेपर्यंत डबक्यात पाणी टिकावं लागतं. म्हणून पहिल्या पावसानंतरचे दिवस महत्त्वाचे. त्या काळात बांधाकडचं डबकं बुजवू नका. तणनाशकाचा पंप त्यात धुऊ नका.

हार्मोनची साखळी नाजूक असते. मका आणि उसात वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅट्राझिनच्या अगदी थोड्या प्रमाणामुळे काही नर झेनोपस मादीसारखे होऊन अंडी घालू लागल्याचं २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात नोंदलं गेलं. त्या निष्कर्षावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे, पण डबक्यात औषध जाऊ न देणं आपल्या हातात आहे. बेडूक जगला तर शेतातले किडे तो फुकटात खातो.